गच्चीवरचे फुकटे

आमचे एक ज्येष्ठ स्नेही आहेत. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. वीज मंडळात ज्युनियर इंजिनिअर म्हणून लागले, मंडळाच्या कंपन्या झाल्या तेव्हाही तिथंच होते. निवृत्त झाले तेव्हा सबस्टेशनातला ट्रान्सफॉर्मर आजारी आहे की नाही, ते त्यांना त्याच्या नुसत्या गुणगुणण्यावरून कळायचं. गेल्या महिन्यात इथल्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेत ते ऊर्जेवर बोलले. दीड तासात कडाडून टाळी पडली ती एका वाक्याला: “घरावर पॅनेल लावणारा माणूस दिवसा सरकारच्या पैशानं वीज विकतो, रात्री शेजाऱ्याच्या पैशानं वीज वापरतो, आणि वर स्वतःला पर्यावरणवादी म्हणवतो!”

टाळी मीही वाजवली. वाक्य झकास होतं. घराचा जिना चढताना लक्षात आलं की ते माझ्यावरच होतं. आमच्या चोवीस बिऱ्हाडांच्या सोसायटीच्या गच्चीवर दहा किलोवॅटचा सौर संच आहे, आणि सचिव या नात्यानं त्याच्या सगळ्या कागदांवर माझी सही आहे. म्हणजे सरकारी व्याख्येनुसार मी लाभार्थी, आणि अण्णांच्या व्याख्येनुसार फुकटा.

अण्णांचं म्हणणं आधी नीट मांडतो, कारण समोरच्याची बाजू लंगडी करून मग तिला पाडण्यात काही पुरुषार्थ नाही. ते म्हणतात, राजस्थानात मोठ्या सौर उद्यानात अडीच रुपयांच्या आसपास युनिट पडतं, तर गच्चीवरच्या महाग विजेला सरकारनं पैसे का मोजायचे? दुसरं, नेट मीटरवाला ग्राहक दुपारी नको असलेली वीज ग्रिडवर ढकलतो आणि संध्याकाळी, सगळ्यांनाच हवी असते तेव्हा, परत मागतो. ग्रिड म्हणजे त्याची फुकटची बॅटरी. तिसरं, असे बंगलेवाले बिलातून सुटले की तारा, खांब, वायरमन यांचा खर्च उरलेल्या गरिबांवर पडतो. आणि गावांनी, सोसायट्यांनी मिळून वीज करायची म्हणाल, तर “मुळा-प्रवराला विचारून या.” हे चारही मुद्दे पोकळ नाहीत. त्यातला एक तर मला बऱ्यापैकी मान्य आहे. पण त्यावरून अण्णा जो निकाल देतात, की सरकारनं लहानांच्या विजेतून हात काढून घ्यावा, तो निकाल चुकीचा आहे.

सुरुवात ‘सरकारच्या पैशा’पासून करू. साताऱ्याहून ठोसेघरच्या पुढे गेलं की चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांच्या रांगा लागतात. पलीकडे पाटणच्या बाजूला वनकुसवडे. नव्वदच्या दशकाच्या शेवटी इथं चक्क्या उगवू लागल्या त्या जितक्या वाऱ्यावर, तितक्याच आयकराच्या कायद्यावर. यंत्राच्या किमतीचा शंभर टक्के घसारा पहिल्याच वर्षी दाखवता येत असे. नफ्यात असलेल्या कंपनीनं मार्चच्या आत चक्की उभी केली की त्या वर्षीचा कर आटोपला. राज्य सरकारनं वर विक्रीकरातली सवलत दिली. चक्की किती युनिटं देते हा प्रश्न त्या हिशेबात दुय्यम होता. पुढे तो घसारा ८० टक्क्यांवर आणि २०१७पासून ४० टक्क्यांवर आला. पण त्या काळात कोणी व्याख्यानमालेत उभं राहून कारखानदारांना फुकटे म्हटल्याचं मला आठवत नाही. तेव्हा शब्द होता ‘गुंतवणुकीला प्रोत्साहन’. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

बरं, ते जुनं झालं. आजच्या अडीच रुपयांच्या विजेचं काय? २०१७मध्ये राजस्थानच्या भडला उद्यानातल्या लिलावात २ रुपये ४४ पैसे दर निघाला, तर डिसेंबर २०२०मध्ये गुजरातच्या लिलावात १ रुपया ९९ पैसे. आकडे खरे आहेत आणि अभिमान वाटावा असेच आहेत. पण तो दर कुठला? उद्यानाच्या फाटकातला. लासलगावच्या लिलावातला कांद्याचा भाव दाखवून पुण्याच्या भाजीवाल्याला “तू लुटतोस” म्हणावं, तसं हे झालं. लासलगाव ते पुणे ट्रक लागतो, हमाल लागतो, वाटेत काही माल सडतो. विजेलाही तसंच लागतं. शेकडो किलोमीटरच्या उच्चदाबाच्या वाहिन्या, त्यांची उपकेंद्रं, वाटेतली गळती. आणि इथं एक गंमत आहे, जी अण्णा बोलले नाहीत. ३० जून २०२५पर्यंत सुरू झालेल्या सौर आणि पवन प्रकल्पांना एका राज्यातून दुसऱ्या राज्यात वीज नेण्याचं पारेषण शुल्क माफ आहे, तेही पंचवीस वर्षं. त्यानंतर येणाऱ्यांची सवलत दरसाल पाव हिश्शानं कमी होत जाईल. शुल्क माफ झालं म्हणून वाहिन्या काही फुकट उभ्या राहत नाहीत. त्यांचा खर्च त्या वापरणाऱ्या बाकीच्यांवर, म्हणजे वितरण कंपन्यांवर आणि पर्यायानं तुमच्या-माझ्या बिलावर वाटला जातो.

मी त्या माफीच्या विरोधात नाही. तिच्यामुळे सौर वीज रुजली. पण हिशेब मांडायचा तर एकाच वहीत मांडा. मोठ्याला मिळालं ते धोरण आणि लहानाला मिळालं ती रेवडी, असं दोन वह्यांचं गणित कुठल्याही लेखापरीक्षकानं लाल शाईनं खोडलं असतं.

आता लहानाला मिळालेलं. ‘पीएम सूर्य घर’ योजना फेब्रुवारी २०२४मध्ये आली. ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद, एक कोटी घरांचं उद्दिष्ट. घरगुती ग्राहकाला पहिल्या दोन किलोवॅटला किलोवॅटमागे ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, आणि त्यापुढे शून्य. म्हणजे तुम्ही कितीही मोठा संच लावा, ७८ हजारांवर गाडी थांबते. सोसायट्यांना सामाईक वापरासाठी किलोवॅटला १८ हजार. आमच्या दहा किलोवॅटला एक लाख ऐंशी हजार आले. चोवीस बिऱ्हाडांत वाटले तर घरटी साडेसात हजार, एकदाच, पंचवीस वर्षांत. शिवाय अनुदान हवं तर पॅनेल देशी बनावटीचंच लागतं, आणि ते बाहेरच्यापेक्षा महाग असतं. म्हणजे या साडेसात हजारांतले काही आमच्या गच्चीला टेकून पुढे कारखानदाराच्या खिशात गेले. देशी उद्योग उभा राहायला हवा हे मान्य, पण तो खर्च गच्चीवाल्याच्या नावावर टाकू नका.

गच्चीवरच्या एका दुपारचं सांगतो. मे महिना, दीड वाजलेला. पाण्याचा पंप बंद, लिफ्टला कुणी हात लावत नाही, सगळी सोसायटी पडदे ओढून झोपलेली. मीटरवर निर्यातीचा आकडा पळत होता. ती वीज कुठं गेली? राजस्थानात तर नाहीच, आमच्या तालुक्याच्या सबस्टेशनापर्यंतही नाही. कोपऱ्यावरच्या डीपीवरून ती समोरच्या घरात शिरली, जिथं त्या वेळी एसी चालू होता. अंतर चाळीस मीटर. समोरच्यांनी त्या युनिटाचे पूर्ण पैसे भरले. त्यात वीज आकार होता, वहन आकार होता, आणि वर सोळा टक्के वीज शुल्क. चाळीस मीटरच्या प्रवासाचा वहन आकार! या सगळ्यात कंपनीला वीज आणायला काही पडलं नाही, वाटेत गळती झाली नाही, उलट भर दुपारी डीपीवरचा ताण हलका झाला. ही जमा अण्णांच्या ताळेबंदात कुठं दिसत नाही.

खर्चाची बाजू मात्र दिसते, आणि ती खरी आहे. तेच युनिट मी रात्री आठला परत मागतो, तेव्हा कंपनीला ते कोळशाचं किंवा बाजारातलं महाग युनिट द्यावं लागतं. दुपारचं युनिट आणि रात्रीचं युनिट एकाच भावाचं नाही, हे अण्णांचं म्हणणं मला पटतं. एकास एक वजावट कायमची टिकणार नाही, आणि सौरवाल्यांनी ती जन्मसिद्ध हक्कासारखी कवटाळून बसू नये. पण बदल कसा करायचा, यात माणसाची नियत दिसते. २०२५च्या दरनिश्चितीच्या वेळी महावितरणनं प्रस्ताव मांडला, की सौर तासांत दिलेली वीज सौर तासांतल्याच वापरातून वजा व्हावी. जनसुनावण्यांत त्यावरून वातावरण तापलं ते उगाच नाही. लोकांनी कर्ज काढून संच बसवले ते एका नियमावर, आणि मधूनच नियम फिरवायचा म्हटलं तर पुढच्या वेळी कोण विश्वास ठेवील? ज्यांनी आधीच लावलेत त्यांना ठरलेल्या मुदतीपर्यंत जुना नियम ठेवा. नव्यांना रात्रीच्या युनिटाचा खरा भाव लावा, आणि त्याबरोबर बॅटरीला अनुदान द्या. पॅनेल स्वस्त झालंय. आता सरकारी पैशाची गरज आहे ती बॅटरीला.

“मग तारा तोडा ना, कशाला हवं ग्रिड?” असं अण्णा भाषणानंतर चहाच्या टेबलावर म्हणाले. अहो अण्णा, तोडायचंय कुणाला? लाईट गेली की आमचा संचही गप्प बसतो, टळटळीत ऊन असलं तरी. ग्रिड मेलं की इन्व्हर्टरनंही वीज सोडायची नाही, नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनला शॉक बसेल, म्हणून ती सोयच तशी केलेली असते. तुम्हीच मला हे शिकवलंत. पहिल्या उन्हाळ्यात सोसायटीतल्या आजी दोन-तीनदा खाली येऊन विचारून गेल्या, की “वर एवढं ऊन आहे, मग पंखा का बंद?” ग्रिडशी आमचा संसार आहे, काडीमोड नाही. आणि बिल शून्य आलं तरी स्थिर आकार आम्ही दरमहा भरतोच.

त्या स्थिर आकारावरूनच गरिबांच्या मुद्द्याकडे येतो. गच्चीवाले सुटले की तारा-खांबांचा खर्च गरिबांवर पडतो, हे ऐकायला न्यायाचं वाटतं. पण वितरण कंपनीच्या डोक्यावरचं खरं ओझं तारा-खांबांपेक्षा वीजखरेदीच्या करारांचं असतं. वीज घ्या किंवा न घ्या, उभ्या असलेल्या प्रकल्पाला ठरलेले पैसे द्यायचेच. महाराष्ट्राला हे नव्यानं सांगायची गरज नसावी. दाभोळला एन्रॉनचा पहिला टप्पा, ७४० मेगावॅटचा, मे १९९९मध्ये सुरू झाला आणि मे २००१मध्ये बंद पडला. मंडळाला ती वीज परवडत नव्हती आणि न घेतली तरी पैसे चुकत नव्हते. त्या कराराची आकडेमोड पुण्याच्या ‘प्रयास’ गटानं नव्वदच्या दशकातच लोकांपुढे ठेवली होती. पुढे माधव गोडबोले समितीनं सरकारी पातळीवर झाडाझडती घेतली. मोठ्या प्रकल्पाचा अंदाज चुकला की त्याची किंमत वर्षानुवर्षं बिलातून वसूल होते. गच्चीवरचा अंदाज चुकला तर नुकसान फक्त त्या गच्चीवाल्याचं.

आणि गरीब गच्चीवर का नसावेत? इथं मात्र मी सरकारच्याही मागे लागतो. ‘सूर्य घर’ची सुरुवातीची सगळी जाहिरात तीन किलोवॅटच्या बंगल्याभोवती फिरत होती. ज्याला तीनशे चौरस फूट रिकामं छप्पर आहे आणि लाख-दीड लाख आधी भरून अनुदानाची वाट पाहता येते, त्यालाच ती योजना परवडणार होती. अण्णांचा टोला इथं बरोबर बसतो. पण त्यावर उपाय अनुदान बंद करणं हा नव्हे, ते खाली नेणं हा आहे. राज्य सरकारनं २०२५मध्ये ‘स्मार्ट’ योजना मंजूर केली. एका किलोवॅटचा संच साधारण ५० हजारांचा धरला तर केंद्राचे ३० हजार आणि दारिद्र्यरेषेखालच्या घराला राज्याचे साडेसतरा हजार, म्हणजे त्या घराला पदरचे अडीच हजार. महिना शंभर युनिटांच्या आत वापरणाऱ्या इतरांनाही राज्याचा हातभार आहे. एक किलोवॅट म्हणजे दिवसाला सरासरी चार युनिटं, महिन्याला शंभराच्या वर. त्या घराचं जवळजवळ सगळं भागलं. अशा घराला वितरण कंपनी आज तोट्यात वीज देते, आणि तो तोटा इतरांच्या दरात घालते. ते घर स्वतःची वीज करू लागलं तर इतरांवरचा बोजा उतरेल. गरिबांची कड घेऊन बोलणाऱ्यांनी आधी या योजनेची अंमलबजावणी नीट होते का, याच्या मागे लागावं.

अंमलबजावणी म्हटलं की माझा आवाज चढतो. २०२२पर्यंत देशात छपरांवर ४० गिगावॅट सौर वीज करायचं उद्दिष्ट होतं. त्याचा चौथा हिस्साही तोवर झाला नाही. मोठी उद्यानं मात्र झपाट्यानं उभी राहिली. सूर्य तोच होता, पॅनेलही तीच होती. फरक एवढाच, की उद्यानाला वीज विकत घेणारं गिऱ्हाईक आधी बांधून दिलेलं असतं. आणि छपरावर मंजुरी देणार कोण, तर ज्या कंपनीचं चांगलं बिल भरणारं गिऱ्हाईक त्यामुळे कमी होणार, तीच कंपनी! शंभर युनिटांच्या वर वापरणारा घरगुती ग्राहक जवळजवळ दुप्पट दर भरतो. दुकानदार, कारखानदार आणखी. त्यांच्या पैशावर कंपनीचा गाडा चालतो. अशा ग्राहकाचा अर्ज टेबलावर आला की साहेबाच्या हाताला जडपणा येणारच. यात कुणी एक माणूस वाईट आहे असं नाही. कुंपणालाच शेताची राखण दिली, की कुंपण शेत खाणार.

आमचंच ऐका. संच बसला, तपासणी झाली, आणि मग नेट मीटरसाठी तीन महिने गेले. ठेकेदार म्हणे, कार्यालयाकडून मीटर आलं नाही. कार्यालय म्हणे, ठेकेदारानं कागद दिला नाही. मधेच “मीटर टेस्टिंगला गेलंय” हे रामबाण वाक्य. दोघांचीही नावं घेत नाही, कारण अजून त्यांच्याशीच गाठ आहे. तीन महिने पॅनेल ऊन खात बसली. उन्हाळी वाळवणं घालायला आलेल्या बायकांनी मला स्पष्ट विचारलं, “कुरडयांची जागा घेतलीत, निदान वीज तरी काढा.” केंद्राच्या ग्राहक-हक्क नियमांत फेब्रुवारी २०२४मध्ये दुरुस्ती झाली: दहा किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक पाहणीची गरज नाही, आणि कंपनीनं संच सुरू करून द्यायची मुदत तीसवरून पंधरा दिवसांवर आली. नियम उत्तम. दिवस मोजणारा कुणी हवा.

आणखी एक बारीक गोष्ट. सौर ग्राहकाचं वर्ष ३१ मार्चला संपतं. त्या दिवशी खात्यावर शिल्लक राहिलेली युनिटं पुढे जात नाहीत. आपण वीज घेतो त्याच्या कितीतरी खालच्या दरानं कंपनी ती विकत घेते. आता आपल्याकडचं ऊन पाहा. डिसेंबर ते मार्च आकाश निरभ्र, पंखे कमी, युनिटं साठत जातात. एप्रिल-मेमध्ये ती वापरायची वेळ येते, तोवर पाटी कोरी. पावसाळा संपल्यावर वर्ष सुरू केलं असतं तर हिवाळ्यातली शिल्लक उन्हाळ्यात कामी आली असती. हे एक तारीख बदलण्याचं काम आहे, यात सरकारचा एक पैसाही जात नाही. सरकारी मदत म्हणजे दरवेळी तिजोरीच उघडायला हवी असं नाही, ते अण्णांच्या पिढीला मी कसं पटवून देऊ?

आता राहिलं गावांचं आणि सहकाराचं. मुळा-प्रवरा ही नगर जिल्ह्यातली सहकारी वीज संस्था. थकबाकीच्या डोंगराखाली ती दबली आणि २०११मध्ये तिचा परवाना संपून महावितरणनं कारभार घेतला. ही गोष्ट मी लपवत नाही. पण ती संस्था वीज तयार करत नव्हती, विकत घेऊन वाटत होती, तीही बिल थकवणाऱ्या कृषिपंपांना. तो दाखला घेऊन वीज निर्माण करणाऱ्या सहकाराला बाद ठरवणं म्हणजे एक दूध संघ बुडाला म्हणून म्हैस पाळणं चूक ठरवणं.

गुजरातेत खेडा जिल्ह्यातल्या धुंडी गावात २०१६च्या सुमारास सहा शेतकऱ्यांनी सौर पंपांची सहकारी मंडळी काढली. पाणी उपसून झालं की उरलेली वीज ग्रिडला, युनिटमागे ४ रुपये ६३ पैशांनी, पंचवीस वर्षांच्या करारावर. बदल्यात त्यांनी अनुदानित वीजजोडणीचा हक्क सोडला. यातली मेख बघा: पाण्याचा जास्त उपसा केला तर विकायची वीज कमी होते. म्हणजे शेतकऱ्याला भूजल वाचवल्याचे पैसे मिळतात. कुठल्याही मंत्र्याच्या आवाहनानं जे साधलं नाही ते एका वीजदरानं साधायची शक्यता निर्माण झाली. डेन्मार्कमध्ये कोपनहेगनच्या समुद्रात २०००साली वीस पवनचक्क्यांचं मिडलग्रुंडेन उभं राहिलं. त्यातल्या निम्म्या हजारो सभासदांच्या सहकारी संस्थेच्या मालकीच्या. सहकार हा शब्द आपण प्रवरानगरला १९५०मध्ये साखर कारखान्याच्या चिमणीवर लिहिला आणि वीजनिर्मिती मात्र त्याला फारशी शिवू दिली नाही, याचं मला आश्चर्य वाटतं. पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी २०२४मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम झाली. वनकुसवड्याच्या चक्क्यांचाही तालुका तोच. एकीकडे कर वाचवणाऱ्यांचं पठार, दुसरीकडे स्वतःची वीज करणारी वाडी.

आणि बिलगाव. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव तालुक्यात, नर्मदेच्या खोऱ्यात हे आदिवासी गाव. केरळच्या तरुण इंजिनिअरांची मदत आणि गावकऱ्यांचं श्रमदान यातून उदई नदीवर पंधरा किलोवॅटचं छोटं जलविद्युत केंद्र २००३मध्ये सुरू झालं. ‘स्वदेस’ चित्रपटातला नायक गावात असंच केंद्र उभारतो, त्यामागे बिलगावची प्रेरणा होती. चित्रीकरण वाईजवळच्या मेणवलीत झालं आणि पर्यटक आजही तिथल्या घाटावर फोटो काढतात. बिलगावला कुणी जात नाही. कारण २००६च्या पावसाळ्यात ते केंद्र सरदार सरोवराच्या पाण्याखाली गेलं. मोठ्या विजेनं लहान वीज बुडवली, अगदी शब्दशः.

मोठ्या विजेला जागाही लागते. एका मेगावॅटला चार-पाच एकर. धुळे जिल्ह्यातल्या विखरणचे धर्मा पाटील, वय ८४, यांनी जानेवारी २०१८मध्ये मंत्रालयात विष घेतलं. औष्णिक प्रकल्पासाठी घेतलेली आणि पुढे सौर प्रकल्पाकडे वळवलेली त्यांची पाच एकर जमीन, मोबदला जेमतेम चार लाख. अडीच रुपयांच्या युनिटात ही किंमत धरलेली नसते. गच्चीला कुणाची जमीन घ्यावी लागत नाही.

याचा अर्थ सगळं गच्चीवरच भागेल असं मी म्हणत नाही. रेल्वे, पोलादाच्या भट्ट्या आणि मुंबई यांना मोठे प्रकल्प लागतीलच. मधला रस्ताही आहे, आणि तो आपल्याच राज्यात आहे: मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना. सबस्टेशनाजवळ काही मेगावॅटचे छोटे प्रकल्प, त्यातून शेतीच्या फीडरला दिवसा वीज. रात्री साप-विंचवाच्या भीतीनं मोटार सुरू करायला जाणारा शेतकरी ज्यानं पाहिलाय, तो या योजनेला नाव ठेवणार नाही. मी ठेवतो ते एका कारणानं. निविदा मोठ्या गठ्ठ्यानं निघाल्या, त्या मोठ्यांनी घेतल्या, आणि गावाच्या वाट्याला आलं जमिनीचं भाडं नि ग्रामपंचायतीला काही वर्षांपुरता निधी. ऊन गावाचं, जमीन गावाची, फीडर गावाचा. मालक मात्र कुठला तरी दूरचा. दर दहातला एक प्रकल्प तरी विकास सोसायटीला, बचत गटांच्या संघाला किंवा ग्रामपंचायतीला राखून ठेवला असता, त्याच दरानं, त्याच करारावर, तर काय बिघडलं असतं? चाळी नि फ्लॅटवाल्यांचंही तेच. ज्यांना स्वतःचं छप्पर नाही त्यांनी दुसरीकडच्या सामाईक संचात वाटा घ्यावा आणि युनिटं आपल्या बिलातून वजा व्हावीत, अशी सोय दिल्ली राज्यानं २०१९मध्येच नियमांत बसवली. ती साध्या नव्या जोडणीइतकी सोपी व्हायला हवी.

अण्णा हे वाचतील, आणि पुढच्या रविवारी चहाला येऊन माझ्या वहन आकाराच्या हिशेबातली एखादी चूक काढतील. काढावी. पण बाकीच्यांना एक काम सांगतो. दर ठरवण्याआधी वीज नियामक आयोग सूचना नि हरकती मागवतो. २००३च्या वीज कायद्यानं ते बंधनकारक आहे. इचलकरंजीच्या प्रताप होगाडे यांच्यासारखे कार्यकर्ते वर्षानुवर्षं ते काम करत आलेत, पण ते एकट्या-दुकट्यानं किती करायचं? वकील लागत नाही, इंग्रजी लागत नाही, मराठीतलं एक पान चालतं. पुढच्या प्रस्तावाची जाहिरात वर्तमानपत्रात आली की त्या पानावर तीन मागण्या लिहा: वर्षअखेर ३१ मार्चवरून पावसाळ्यानंतर न्या, पंधरा दिवसांत मीटर लागलं नाही तर त्यापुढच्या प्रत्येक दिवसाची युनिटं ग्राहकाच्या खात्यावर जमा धरा, आणि कृषी वाहिनीच्या प्रत्येक निविदेत गावाच्या संस्थेसाठी वाटा राखा. खाली ग्राहक क्रमांक घाला, सही करा आणि मुदतीच्या आत पाठवा.